एक प्रिंटर, चार संगणक

घरात किंवा शाळेत संगणक दोन-चार असले, तरी प्रिंटर बहुधा एकच असतो आणि ते योग्यच आहे. संगणकासमोर माणूस तासन्‌तास बसतो. प्रिंटर मात्र दिवसाकाठी काही मिनिटेच चालतो. शाईच्या, म्हणजे इंकजेट प्रिंटरला तर पडून राहणे मानवतही नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतली शाई वाळते आणि पुढच्या छपाईत पांढरे पट्टे येतात. तेव्हा एक यंत्र सर्वांनी मिळून वापरणे हे पैशाच्या आणि यंत्राच्या, दोन्ही दृष्टींनी हिताचे.

अडचण निराळ्याच ठिकाणी येते. चाचणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रश्नपत्रिका छापायची असते. प्रिंटरचा दिवा लागलेला असतो, कागद भरलेला असतो आणि संगणकाच्या पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ अशी पाटी येते. यंत्र बिघडले असे ठरते, दुरुस्तीवाल्याला निरोप जातो, प्रश्न फळ्यावर लिहून द्यावे लागतात. पुष्कळदा यंत्र पूर्ण धडधाकट असते. हरवलेला असतो तो फक्त त्याचा पत्ता.

हे ओळखता यावे म्हणून पान संगणकाकडून प्रिंटरकडे कसे जाते ते आपण समजून घेऊ. त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. पान नेमक्या यंत्राकडे पोचले पाहिजे. हा पत्त्याचा प्रश्न. ते त्या यंत्राला समजले पाहिजे. हा भाषेचा प्रश्न. आणि एकाचे पान दुसऱ्याच्या पानात मिसळता कामा नये. हा रांगेचा प्रश्न. छपाईतली बहुतेक ‘गूढ’ दुखणी या तीनपैकी एका घरात बसतात.

नेटवर्कच्या जन्माशी प्रिंटरचे नाते

संगणक एकमेकांना जोडण्याचे आज सर्वत्र रूढ असलेले तंत्र म्हणजे इथरनेट. त्याच्या जन्मामागे प्रिंटरचा मोठा वाटा आहे. झेरॉक्स कंपनीने १९७० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र काढले. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी छायाप्रती काढणाऱ्या यंत्रात लेसर किरण बसवून लेसर प्रिंटर तयार केला. त्याच केंद्रात ‘आल्टो’ नावाचे, एकेका व्यक्तीने वापरायचे संगणक तयार होत होते. प्रिंटर एक आणि संगणक अनेक, अशी स्थिती तेथे आली. १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. एकाच केबलला सर्व संगणक आणि प्रिंटर जोडायचे, असे तिचे स्वरूप होते.

येथे एक सोपे गणित करून पाहू. तो प्रिंटर एका इंचात ५०० ठिपके उमटवी आणि सेकंदाला सुमारे एक पान छापी. साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब कागदावर ४२५० × ५५००, म्हणजे सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपक्यांच्या जागा होतात. प्रत्येक जागा काळी की पांढरी हे सांगायला एक बिट लागतो. त्या पहिल्या इथरनेटमधून सेकंदाला सुमारे २९ लाख ४० हजार बिट जात. म्हणजे एका पानाचे सगळे ठिपके पाठवायला जवळजवळ आठ सेकंद लागले असते आणि प्रिंटर सात सेकंद नुसता वाट पाहत बसला असता.

यावर तोडगा असा काढला, की ठिपके पाठवायचेच नाहीत. ‘या जागी हे अक्षर’ एवढेच कळवायचे आणि त्या अक्षराचे ठिपके प्रिंटरच्या बाजूला बसवलेल्या एका खास यंत्रणेने तयार करायचे. भाषेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

पानाचे वर्णन आणि पानाचे चित्र

आजच्या कागदाचा हिशोब घेऊ. ए-फोर आकाराच्या कागदावर इंचाला ६०० ठिपके धरले, तर सुमारे ३ कोटी ४८ लाख जागा होतात. आठ बिटांची एक बाइट, म्हणून हे झाले सुमारे ४३ लाख ५० हजार बाइट. त्याच पानावर देवनागरीतली १८०० चिन्हे असतील आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीने प्रत्येकाला ३ बाइट धरल्या, तर मजकूर भरतो ५४०० बाइटचा. चित्र आणि वर्णन यांत आठशे पटींचा फरक पडला!

पानाचे वर्णन करण्यासाठी खास भाषा तयार झाल्या. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही १९८४ सालची. पुढच्याच वर्षी अ‍ॅपल कंपनीचा लेसररायटर हा प्रिंटर ही भाषा घेऊन आला. त्याची किंमत जवळजवळ ७००० डॉलर होती. एवढे महाग यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून एका साध्या नेटवर्कवरून ते अनेक संगणकांनी मिळून वापरावे अशीच त्याची रचना केलेली होती.

सर्व प्रिंटरांना एकच भाषा येत नाही. संगणकात आपण जो ‘ड्रायव्हर’ भरतो, तो म्हणजे दुभाषा. आपले पान त्या यंत्राच्या भाषेत सांगणे हे त्याचे काम. दुभाषा चुकीचा निवडला गेला, तर प्रिंटर ते वर्णन न उलगडता जसेच्या तसे छापून टाकतो. अगम्य चिन्हांच्या एक-दोन ओळी असलेली पानेच्या पाने बाहेर पडू लागली, तर बहुधा भाषेची गफलत झाली आहे असे समजावे. पत्ता अशा वेळी बरोबरच असतो. नाहीतर काहीच छापले गेले नसते.

मराठी मजकुराला येथे आणखी एक पायरी आहे. प्रिंटरमध्ये कारखान्यातच भरलेली अक्षरवळणे बहुधा रोमन लिपीची असतात. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘द्ध’ यांची रूपे त्याला ठाऊक नसतात. म्हणून जोडाक्षरे जुळवण्याचे काम संगणक आधीच उरकतो आणि अक्षरांचे आकार, किंवा प्रसंगी सबंध पानाचे चित्रच, प्रिंटरकडे पाठवतो. घरगुती वापराच्या कित्येक स्वस्त प्रिंटरांना तर वर्णनाची भाषा येतच नाही; त्यांना ठिपकेच पुरवावे लागतात.

अलीकडे भाषेचा प्रश्न पुष्कळसा सुटत आला आहे. प्रिंटरने आपली क्षमता स्वतःच सांगावी (रंगीत की काळा, कोणता कागद, दोन्ही बाजूंनी छपाई होते की नाही) आणि संगणकाने ठरलेल्या सामाईक स्वरूपात पान पाठवावे, असा करार १९९० नंतरच्या दशकात आकाराला येऊ लागला. त्याला आयपीपी म्हणतात. २०१० साली अ‍ॅपलने आणलेली एअरप्रिंट पद्धत याच करारावर उभी आहे. फोनवरून वेगळा ड्रायव्हर न भरता छापता येते ते यामुळे.

जोडणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत : प्रिंटर यूएसबी केबलने एका संगणकाला जोडायचा आणि त्या संगणकाने तो इतरांसाठी खुला करायचा. यात नवे काही विकत घ्यावे लागत नाही. मात्र तो संगणक बंद असला, की सर्वांची छपाई बंद. शिवाय यूएसबीची साधी केबल पाच मीटरपेक्षा लांब चालत नाही, त्यामुळे प्रिंटर त्या संगणकाच्या जवळच ठेवावा लागतो.

दुसरी पद्धत : राउटरला यूएसबीची जागा असेल, तर प्रिंटर तेथे जोडायचा. राउटर दिवसरात्र चालू असतो, ही सोय. पण राउटर पान फक्त पुढे ढकलतो. ते प्रिंटरच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी प्रत्येक संगणकावरच राहते. फोनची तेथे बहुधा अडचण होते.

तिसरी पद्धत : प्रिंटरच नेटवर्कचा स्वतंत्र सभासद करायचा, केबलने किंवा वायफायने. आज घरासाठी हीच सर्वांत सोयीची. नेटवर्कची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणून शाळेच्या इमारतीत जेथे ओढता येईल तेथे केबलच ओढावी. वायफाय वापरताना एक लक्षात ठेवावे. घरगुती वापराचे कित्येक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी ओळखतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचे वेगळे नाव असेल, तर ते नाव प्रिंटरच्या यादीत दिसणारच नाही. त्याला २.४ च्या नावाला जोडावे. फोन दुसऱ्या नावावर असला तरी सहसा बिघडत नाही, कारण दोन्ही लहरी एकाच राउटरच्या असल्या, की घर एकच असते.

शाळेत जुना, फक्त यूएसबीचा प्रिंटर धडधाकट असेल, तर पहिल्या पद्धतीचीच एक सुधारलेली आवृत्ती उपयोगी पडते. एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक केवळ प्रिंटर सांभाळण्यासाठी ठेवायचा. लिनक्सवर चालणारी ‘कप्स’ ही मोफत प्रणाली त्यावर भरली, की तोच दुभाष्याचे काम करतो आणि जुना प्रिंटर फोनलाही दिसू लागतो.

हजेरी क्रमांक आणि रजिस्टर क्रमांक

आता पत्त्याकडे वळू. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन क्रमांक असतात. ते समजायला शाळेतलेच उदाहरण पुरेसे आहे. विद्यार्थ्याचा जनरल रजिस्टरमधला क्रमांक तो शाळेत असेपर्यंत बदलत नाही. त्याचा हजेरी क्रमांक मात्र वर्गावर अवलंबून असतो. वर्ग बदलला, की तो बदलतो.

यंत्राचा रजिस्टर क्रमांक म्हणजे मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा असून कारखान्यातच दिला जातो. हजेरी क्रमांक म्हणजे आयपी पत्ता. तो १९२.१६८.१.२० असा चार आकड्यांत लिहितात आणि तो देतो राउटर. आपल्या आणि शेजारच्या घरातही १९२.१६८.१.२० हाच पत्ता असू शकतो. त्यात गोंधळ होत नाही, कारण १९९६ साली ठरलेल्या संकेतानुसार असे पत्ते केवळ घरातल्या घरात वापरायचे असतात. प्रत्येक वर्गात पाच नंबरचा विद्यार्थी असतोच, तसेच हे.

राउटर हा पत्ता कायमचा देत नाही; ठरावीक मुदतीसाठी देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. मुदत वाढवून घेता येते, त्यामुळे रोज वापरातल्या यंत्राचा पत्ता सहसा टिकतो. पण दिवाळीच्या सुट्टीत प्रिंटर तीन आठवडे बंद राहिला, तर मुदत संपते आणि २० हा क्रमांक कोणाच्या तरी फोनला मिळून जातो. सुट्टीनंतर प्रिंटर चालू झाला, की त्याला राउटर २७ देतो. संगणक मात्र जुन्या चिठ्ठीप्रमाणे २० च्या दारात पान घेऊन उभा! तेथे प्रिंटर नाही, म्हणून पाटी येते : ‘ऑफलाइन’. राउटर बदलला, किंवा बंद करून चालू केल्यावर आपली यादी विसरला, तरी हेच घडते.

उपाय सोपा आहे. राउटरच्या व्यवस्थापन पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशा अर्थाचे कलम असते. अमुक मॅक पत्त्याच्या यंत्राला नेहमी अमुक आयपी पत्ताच द्यावा, अशी नोंद तेथे करायची. म्हणजे या रजिस्टर क्रमांकाच्या विद्यार्थ्याला कायम हजेरी क्रमांक पन्नासच द्या, असे वर्गशिक्षकांना सांगून ठेवण्यासारखे आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. प्रिंटरच्या वायफायचा आणि केबलचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो. वायफायवरून केबलवर गेल्यास नोंद नव्याने करावी लागते.

पत्ता न देता नावाने हाक मारण्याचीही सोय आहे. संगणक नेटवर्कवर सर्वांना उद्देशून विचारतो, ‘येथे प्रिंटर कोण आहे?’ आणि प्रिंटर हजेरी लावतो. फोनच्या यादीत प्रिंटरचे नाव आपोआप दिसते ते असे. पण ही हाक त्याच नेटवर्कपुरती ऐकू जाते. फोन राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल, तर मध्ये भिंत असते आणि प्रिंटरला हाक पोचत नाही.

आधी कोणाचे पान?

प्रिंटर एका वेळी एकच काम करू शकतो. लेसर प्रिंटरमध्ये तर पान एकदा ओढले गेले, की मध्येच थांबता येत नाही. म्हणून आलेली कामे आधी साठवून ठेवतात आणि एकेक करून प्रिंटरला देतात. या साठवणीला स्पूल म्हणतात. मंद यंत्रासाठी वेगवान यंत्राने ताटकळू नये, ही मोठ्या संगणकांच्या काळापासूनची युक्ती आहे.

पहिल्या पद्धतीत रांग एकच असते, प्रिंटर सांभाळणाऱ्या संगणकावर. तिसऱ्या पद्धतीत मात्र प्रत्येक संगणकाची स्वतःची रांग असते. प्रिंटर एका संगणकाचे काम घेत असताना इतरांना बहुधा ‘थांबा’ असे उत्तर मिळते आणि ते थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावतात. त्यामुळे ज्याने बटण आधी दाबले त्याचेच पान आधी येईल, अशी खात्री नसते. चार जणांच्या घरात याने काही बिघडत नाही. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत मात्र एका संगणकावर एकच रांग ठेवणे बरे.

रांगेचे एक गणित वर्गात अवश्य घालावे. प्रिंटर मिनिटाला १० पाने छापतो. एकाचे काम ४० पानांचे, दुसऱ्याचे एका पानाचे. मोठे काम आधी घेतले, तर पहिल्याचे चार मिनिटांत संपते आणि दुसऱ्याचे ४ मिनिटे ६ सेकंदांनी. सरासरी ४ मिनिटे ३ सेकंद. लहान आधी घेतले, तर ६ सेकंद आणि ४ मिनिटे ६ सेकंद. सरासरी २ मिनिटे ६ सेकंद. एकूण छपाई तेवढीच, यंत्र तेच, पण सरासरी प्रतीक्षा जवळजवळ निम्मी!

दोष कसा शोधावा

छपाई अडली, की सगळी बटणे एकदम दाबून पाहण्याचा मोह होतो. त्यातून दुरुस्ती झालीच, तर ती कशाने झाली हे कळत नाही. प्रयोगाचा साधा नियम येथेही पाळावा : एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

१. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून त्याचे माहितीपान छापावे. यात संगणकाचा संबंधच येत नाही. पान नीट आले, तर शाई, कागद आणि यंत्र ठीक आहे. त्या पानावर त्याचा आयपी पत्ताही असतो.

२. तो पत्ता पाहावा. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. त्याने स्वतःच काहीतरी घेतला आहे. वायफायचा पासवर्ड किंवा केबल तपासावी.

३. पत्ता ठीक असेल, तर संगणकावरच्या ब्राउझरमध्ये तो टाकावा. बहुतेक नेटवर्क प्रिंटर आपले एक पान तेथे दाखवतात. ते उघडले, तर रस्ता मोकळा आहे. एका संगणकावर उघडले आणि दुसऱ्यावर नाही, तर दुसरा संगणक वेगळ्या नेटवर्कवर आहे का ते पाहावे.

४. रस्ता मोकळा असून छपाई होत नसेल, तर संगणकावरची रांग उघडावी. अडकलेले पहिले काम काढून टाकल्यावर पुष्कळदा मागची कामे सुटतात. तरीही नाही, तर संगणकात नोंदलेला प्रिंटरचा पत्ता माहितीपानावरच्या पत्त्याशी ताडून पाहावा.

५. छपाई होते पण मजकूर अगम्य येतो, तर ड्रायव्हर बदलावा.

या पाच पायऱ्यांना दहा मिनिटे पुरतात. दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागलेच, तर नेमके कोठे अडले हे त्याला सांगता येते.

एक खबरदारी

नेटवर्कवरचा प्रिंटर हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याचे व्यवस्थापन पान कारखान्याच्या मूळ पासवर्डवर ठेवू नये. इंटरनेटवरून, म्हणजे घराबाहेरून, त्याच्यापर्यंत थेट वाट राउटरमध्ये कधीही मोकळी करू नये. शाळेत विद्यार्थ्यांचे आणि कार्यालयाचे नेटवर्क वेगळे असावे. प्रश्नपत्रिका छापायला देऊन वर्गावर निघून गेल्यास ती ट्रेमध्ये कोणाच्याही हाती लागते. कित्येक यंत्रांत संकेतांक दाबल्याशिवाय पान बाहेर न येण्याची सोय असते, ती वापरावी. काही मोठ्या यंत्रांत छापलेली कामे साठवणारी डिस्कही असते. यंत्र विकण्यापूर्वी ती पुसून घ्यावी.

वर्गात करून पाहण्यासारखे

चार विद्यार्थी संगणक होतील, एक प्रिंटर, एक राउटर. प्रत्येक संगणकाने पाच ओळींचा मजकूर पाच चिठ्ठ्यांवर, एका चिठ्ठीवर एक ओळ, असा लिहावा. पहिल्या फेरीत सर्वांनी चिठ्ठ्या हाताला येतील तशा राउटरकडे द्याव्यात आणि प्रिंटरने त्या आल्या क्रमाने एकाच कागदावर उतरवाव्यात. कागदावर जी खिचडी होते ती वर्गात वाचून दाखवावी. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्यांवर पाठवणाऱ्याचे नाव आणि ओळीचा क्रमांक घालावा आणि एकाच्या पाचही चिठ्ठ्या जमल्याशिवाय प्रिंटरने लेखणी उचलू नये. तिसऱ्या फेरीत राउटरला न सांगता प्रिंटरने जागा बदलावी.

मग मुलांना विचारावे : दुसऱ्या फेरीत आपण कोणता नियम वाढवला? प्रिंटर हुशार विद्यार्थी निवडला असता, तर पहिल्या फेरीतली खिचडी टळली असती का? आणि तिसऱ्या फेरीत चिठ्ठ्या पोचल्या नाहीत, तेव्हा प्रिंटर बिघडला होता का?